राहू दे की, पण आमच्या जिन्यात नको!

राजारामपुरी_सातवी (धागाकर्ती):

रविवारी आमच्या अपार्टमेंटची मीटिंग झाली. बारा फ्लॅट, एक बंद लिफ्ट आणि एकच विषय. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा मालक पुण्यात असतो, त्याला भाडेकरू मिळालाय. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, काम करणारा बंगाली कारागीर, त्याची बायको आणि सहा वर्षांची पोरगी. गाव पश्चिम मेदिनीपूरमधलं घाटाल. आधार कार्ड, गुजरीतल्या शेठजींची चिठ्ठी, पोलिसांत द्यायचा भाडेकरूचा फॉर्म, सगळं तयार. तरी दीड तास काथ्याकूट चालला. पहिला प्रश्न, "बंगाली म्हणजे बांगलादेशी न्हवं ना?" दुसरा, "मासं रोज शिजवणार काय?" हे विचारणाऱ्या काकांकडं दर बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा असतो आणि त्याचा घमघमाट गच्चीपर्यंत जातो, ते सोडा. मी सेक्रेटरी म्हणून बसलो होतो (कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, पुण्याहून दुरुस्ती पाठवू नये). निर्णय पुढच्या रविवारवर ढकलला.

त्याच रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल. ब्रॅम्प्टनला असतो, कॅनडात. बेसमेंटमधली खोली सोडून दुसरी जागा बघतोय. तीन ठिकाणी फोन केला. नाव सांगितलं की "किती जण राहणार?" आणि मग "जागा गेली". माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, शेजारी बसून डोळ्याला पदर लावून म्हणते, "माणसाला माणूस म्हणत नाहीत बघ ती लोकं." ही माझी बहीण आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. सकाळी 'नको' म्हणून हात वर करणाऱ्यांत तिचाही हात होता.

आता जगाचं. गॅलप नावाची संस्था देशोदेशी तीन प्रश्न विचारत आलीय. बाहेरच्या देशातनं आलेली माणसं तुमच्या देशात राहतात हे चांगलं की वाईट? ती शेजारी आली तर? तुमच्या जवळच्या नात्यात लग्न करून आली तर? गुण जास्तीत जास्त ९. २०१९ च्या फेरीत कॅनडा ८.४६ घेऊन पहिला, मागोमाग आइसलँड आणि न्यूझीलंड. तळाला उत्तर मॅसेडोनिया १.४९, त्याच्या वर हंगेरी १.६४. राहू दे, शेजार होऊ दे, सोयरीक होऊ दे. आमच्या आज्जीनं काढले असते असेच प्रश्न आहेत.

मला वाटतं परक्याबद्दल माणसाचं एक मत नसतंच. देशापुरतं एक, गल्लीपुरतं दुसरं, उंबऱ्यापाशी तिसरं. आणि आपलं पोरगं परकं झालं की चौथं. तुमचं काय?

शिरोलीचा_फाउंड्रीवाला:

ताई, मी देशाचं काय सांगत नाही, शेडमधलं सांगतो. माझ्याकडं ४६ माणसं. त्यातली ३१ बिहार, झारखंड आणि ओडिशाची. मोल्डिंग म्हणजे साचे घालणं त्यांच्याकडं, फेटलिंग म्हणजे ओतीव माल घासून साफ करणं त्यांच्याकडं, फर्नेसवर रात्रपाळीला उभी राहतात तीच पोरं. आसपासच्या गावातली पोरं येतात, नाही असं नाही. लोखंड वितळवायची एक हीट बघतात, वितळलेल्या लोखंडाची लॅडल डोक्यापासनं पाच फुटांवरनं जाताना बघतात, आणि जेवणाच्या सुट्टीत गाडीला किक मारतात ती परत येतच नाहीत. छठला आणि होळीला माझी लाईन बंद असते. दिवाळीला चालू असते! कोल्हापुरात धंदा करून बिहारचं कॅलेंडर भिंतीवर लावलंय मी.

पहिल्या प्रश्नाला माझे पूर्ण मार्क. दुसऱ्याचं म्हणाल, तर गावात खोली कोण देत नव्हतं म्हणून शेडच्या मागं मीच आठ खोल्या बांधल्या. म्हणजे शेजारी तेच झाले एकमेकांचे. तिसरा प्रश्न मला विचारू नका, घरात पोरगी आहे. खोटं कशाला बोलू.

कागलचा_रोखठोक:

धागा चांगला आहे पण दोन वेगळी धान्यं एकाच जात्यात घातलीत. घाटालचा कारागीर या देशाचा नागरिक आहे. राज्यघटनेच्या १९ व्या कलमानं त्याला देशात कुठंही राहायचा हक्क दिलाय. त्याला गावावरनं नाकारलं तर तुमच्या सोसायटीची चूक, विषय संपला. भाचा कॅनडात परवान्यावर गेलाय. तिथं त्याला ठेवायचं की नाही, किती जणांना ठेवायचं, हे ठरवायचा हक्क तिथल्या लोकांचा. त्याला द्वेष म्हणायचं कारण नाही.

आणि ते ८.४६ जरा जपून वापरा. त्याच कॅनडात एन्व्हायरॉनिक्स इन्स्टिट्यूट दरवर्षी विचारतं की बाहेरून येणारे फार झालेत का. २०२२ मध्ये 'हो' म्हणणारे २७ टक्के. २०२३ मध्ये ४४. २०२४ मध्ये ५८. दोन वर्षांत निम्म्याहून जास्त देश वाईट झाला का? घरभाडी भडकली, घरं पुरेनात, कॉलेजांनी परदेशी पोरांच्या फीवर दुकानं मांडली. शेवटी सरकारनंच जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, ऑक्टोबरात कायम वास्तव्याचं पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट ५ लाखांवरनं ३ लाख ९५ हजारांवर आणलं. पाहुणा नको असं नाही. पंगत दहाची आणि पानं चाळीस मांडली तर यजमान कुरकुरणारच.

फाउंड्रीवाले साहेब, तुमच्यासाठी वेगळं. पोरं लॅडलला भिऊन पळत नाहीत. तुमच्या पगाराला बघून पळतात. बाहेरचा माणूस कमी पैशात, शेडमागच्या खोलीत, बारा तास राबतो म्हणून तुम्हाला तो गोड लागतो.

शिरोलीचा_फाउंड्रीवाला:

पगार वाढवला की कास्टिंगचा दर वाढतो आणि ऑर्डर दुसऱ्या राज्यात जाते. किलोमागं रुपया-दीड रुपयावर आमची भांडणं असतात ओ. या एकदा, चहा पाजतो, हिशोब दाखवतो.

आकडेमोड:

रोखठोक यांचा 'पंगत' मुद्दा कॅनडापुरता पटला. पण मग हे सांगा, जिथं पानंच कमी तिथं आरडाओरडा जास्त का? वरच्या यादीत तळाला असलेल्या देशांत बाहेरून येऊन राहणारे मुळात थोडे. हंगेरीत २०१५ नंतर जे रान पेटलं ते ज्या निर्वासितांवरून पेटलं, त्यातले बहुतेक तो देश ओलांडून जर्मनीला निघालेले होते. खुद्द जर्मनीत त्या एका वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार लोक आसरा मागायला आले. म्युनिकच्या स्टेशनवर लोक टाळ्या वाजवत, खाऊ घेऊन उभे होते. नंतर स्थलांतरविरोधी एएफडी पक्ष २०१७ ला १२.६ टक्क्यांवर आणि फेब्रुवारी २०२५ ला २०.८ टक्क्यांवर गेला. त्याचा जोर सगळ्यात जास्त पूर्वेकडच्या राज्यांत, आणि परदेशी लोकांचं प्रमाण तिथंच सगळ्यात कमी. जपानचं तसंच. परदेशी माणसं लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्या आसपास, आणि जुलै २०२५ मध्ये 'जपानी आधी' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाला वरिष्ठ सभागृहात १४ जागा.

शिवाय डोळ्याला दिसतं तेही खरं नसतं. इप्सॉस या पाहणी करणाऱ्या कंपनीनं २०१४ मध्ये लोकांना विचारलं, तुमच्या देशात शंभरात बाहेरचे किती? इटलीतल्या लोकांचा अंदाज ३०, खरे ७. अमेरिकेत अंदाज ३२, खरे १३. तुमच्या गल्लीत विचारा 'भैय्ये किती झालेत' म्हणून. उत्तर येईल, "निम्मं कोल्हापूर!"

कागलचा_रोखठोक:

आकडे निवडून वेचलेत. इंग्लंडमध्ये लिंकनशायरात बॉस्टन म्हणून गाव आहे. भाजीपाल्याची शेतं आणि पॅकिंगच्या शेडा. २००४ ला पूर्व युरोपातले देश युरोपीय संघात आले आणि तिकडचे मजूर त्या लहानशा गावात मोठ्या संख्येनं उतरले. २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानात बॉस्टननं ७५.६ टक्के मतं 'बाहेर पडा'ला दिली, देशात सगळ्यात जास्त. त्यांनी परका माणूस टीव्हीवर पाहिला नव्हता, दवाखान्याच्या रांगेत पाहिला होता.

लंडन 'राहा' म्हणालं कारण त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. बॉस्टनला दहा-बारा वर्षं मिळाली. किती आले यापेक्षा किती वेगानं आले ते बघा. माझ्या गावाला अजून सुपरमार्केटची सवय नाही, तुम्ही माणसांची म्हणताय.

भडंगप्रेमी:

जयसिंगपूरचं भडंग घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. चालू द्या.

आकडेमोड:

वेगाचा मुद्दा मान्य. बॉस्टनचं उदाहरण माझ्या विरोधात जातं हेही मान्य. पण पगाराचं जे तुम्ही म्हणता त्यावर अर्थशास्त्रज्ञांचंच एकमत नाही. १९८० मध्ये क्युबातून बोटी भरभरून लोक मायामीला आले, काही महिन्यांत शहरातला कामगारवर्ग सात टक्क्यांनी वाढला. डेव्हिड कार्डनं १९९० मध्ये आकडे तपासून लिहिलं की स्थानिकांच्या मजुरीवर परिणाम जवळजवळ दिसत नाही. माणूस येतो तेव्हा नुसते हात घेऊन येत नाही, पोट पण घेऊन येतो. तो वडापाव खातो, चप्पल घेतो, रिचार्ज मारतो.

कागलचा_रोखठोक:

आणि त्याच आकड्यांवर जॉर्ज बोर्हासनं नंतर दाखवलं की ज्यांचं शिक्षण शाळेतच सुटलं होतं त्यांची मजुरी चांगली घसरली. सरासरीत माझा दहावी नापास चुलतभाऊ दिसत नाही. तो शेवटून पहिला असतो. बोर्हास स्वतः लहानपणी क्युबातून आलेला, तेव्हा परक्यांचा द्वेष म्हणून उडवून लावू नका.

मेलबर्नची_सूनबाई:

माहेर शाहूपुरी, सासर इचलकरंजी, मुक्काम मेलबर्न, वर्षं नऊ. ३१ ऑगस्ट २०२५ चा रविवार मी विसरणार नाही. इथल्या मोठ्या शहरांत 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' नावाचे मोर्चे निघाले. आधी जी पत्रकं फिरली त्यात थेट आपलं नाव होतं. ग्रीक आणि इटालियन शंभर वर्षांत आले त्यापेक्षा जास्त भारतीय पाच वर्षांत आले, अशा अर्थाचं. आणि त्याच दिवशी गौरी आवाहन! माझ्याकडं गौरी नसतात, मैत्रिणीकडं असतात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दरवर्षी मी नऊवारी नेसून, हातात डबा घेऊन ट्रेननं जाते. लोक बघतात, हसतात, एखादी म्हातारी साडीला हात लावून बघते. त्या दिवशी मी साडी पिशवीत घातली आणि जीन्सवर गेले. नवरा म्हणाला गाडी काढतो. रस्ताभर आम्ही दोघं त्या विषयावर एक शब्द बोललो नाही. मैत्रिणीच्या न्हाणीघरात साडी नेसताना निऱ्या काही केल्या बसेनात.

आमच्या शेजारच्या आजी ग्रीक. १९५० च्या दशकात लहानपणी जहाजातून आल्या. त्यांच्या झाडाची लिंबं माझ्याकडं येतात, माझं लोणचं त्यांच्याकडं जातं. पत्रकाचं सांगितलं तर आधी खूप हसल्या. म्हणाल्या, आम्ही ट्राममध्ये ग्रीक बोललो की लोक ओरडायचे, आता आमचाच आकडा तुम्हाला मारायला घेतला होय!

पण खरं सांगायचं तर मला रोखठोक यांचंही थोडं पटतं. स्कॅनलन फाउंडेशनच्या पाहणीत 'स्थलांतर जास्त आहे' म्हणणारे २०२३ ला ३३ टक्के होते, २०२४ ला ४९. आणि त्याच पाहणीत 'अनेक संस्कृती असणं देशाला चांगलं' म्हणणारे ८५ टक्के. माणसं चालतात, संख्या खुपते. या देशानं १९०१ पासून गोऱ्यांशिवाय कुणाला येऊ न देण्याचं धोरण चालवलं आणि ते पुरतं मोडायला १९७३ उजाडलं. तिथून ८५ टक्क्यांपर्यंत येणं लहान नाही. बाकी आपले लोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री साडेअकराला ढोल वाजवतात, त्यावर मी वेगळा धागा काढीन.

जुनी_पंचगंगा:

एवढी चर्चा झाली आणि कोल्हापूरकर वळिवडे विसरले? १९४३ ते १९४८. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यानं पोलंडमधनं उचलून सायबेरियात नेलेली माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, फिरत फिरत इराणमार्गे इथं आली. सुमारे पाच हजार. वळिवड्याला त्यांची छावणी म्हणजे एक गावच होतं. शाळा, चर्च, सिनेमा. माझे वडील तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. सायकलच्या हँडलला दोन्हीकडं किटल्या अडकवून छावणीत दूध घालायला जायचे. ते सांगायचे, त्या बायकांना दूध नको असायचं आधी, वास घेऊन बघायच्या, म्हैस त्यांनी पाहिलेली नव्हती. पुढं त्याच बायका पैसे मोजताना मराठीत आकडे म्हणायच्या, आणि वडील पोलिशमध्ये दहापर्यंत मोजायचे. ऐंशीव्या वर्षीही मोजून दाखवायचे, पाहुण्यांसमोर, चहा गार होईपर्यंत. एक पोलिश मुलगी तर इथल्याच घरात लग्न करून कोल्हापूरची झाली. म्हणजे ताईंचा तिसरा प्रश्नसुद्धा सुटला होता आपल्याकडं!

महावीर गार्डनमध्ये त्या पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. शाहू महाराजांनी या गावात निरनिराळ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली. हे गाव माणूस सामावून घेणारं आहे.

कागलचा_रोखठोक:

काका, वळिवड्याचा अभिमान मलाही आहे. पण त्या छावणीचा खर्च लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार उचलत होतं. त्या बायका आपल्या कुणाच्या नोकरीवर आल्या नव्हत्या, जागा मागत नव्हत्या, आणि युद्ध संपलं की जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. उलट दूधवाल्याला गिऱ्हाईक मिळालं. असा पाहुणा कुणाला जड होतो? आणि शाहू महाराजांची वसतिगृहं जातीजातींची वेगवेगळी होती, कारण एका पंगतीत बसायला तेव्हाचं कोल्हापूर तयार नव्हतं. महाराज मोठे होते. गाव किती मोठं होतं, ते जरा तपासून बोलू.

आकडेमोड:

पोलंडचंच पुढचं ऐका. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा पोलिश लोकांनी स्वतःच्या घराची दारं उघडली, दहा लाखांच्या आसपास युक्रेनियनांना तिथं तात्पुरतं संरक्षण मिळालं. त्याच वर्षी त्याच पोलंडनं बेलारूसच्या सीमेवर १८६ किलोमीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण पुरं केलं. तिकडून येऊ बघणारे इराक, सीरिया, अफगाणिस्तानचे होते. एकच देश, एकच साल. तिथं वेग आणि पंगत दोन्ही बाजूला राहिलं, तोंडवळा बघितला.

गांधीनगरकर_तिसरी_पिढी:

पोलिश गेले, त्यांच्या बराकींत कोण आलं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही आलो. फाळणीनंतर सिंधमधून. ज्या वळिवड्याच्या छावणीवर वर कौतुकाचा पाऊस पडलाय, तीच आजची गांधीनगरची बाजारपेठ. लग्नाचा बस्ता बांधायला सगळा जिल्हा येतो. आम्हाला परतीची तारीख नव्हती. आमचे आजोबा खांद्यावर कापडाचा गठ्ठा टाकून खेडोपाडी फिरायचे, उधारीवर द्यायचे, सुगीला वसूल करायचे.

माझं शिक्षण मराठी शाळेत. तिथलं सगळं पाठ. तरी नवीन माणूस भेटला की विचारतो, "मूळचे कुठले?" मूळचं गाव पाकिस्तानात आहे. सांगितलं की पंचाईत आणि न सांगितलं की खोटं. मी म्हणतो, "वळिवडे." तो म्हणतो, "नाही, पण मूळचे?"

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकट्या कोल्हापूरकरांवर ढकलल्यासारखं होईल. माझ्या आत्येभावानं मराठी मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा मुलीच्या घरच्यांनी पंधरा दिवसांत होकार दिला. आमच्या आजीनं दोन वर्षं घेतली.

दुबई_रिटर्न:

गडहिंग्लज. अकरा वर्षं अमिरातीत, एसी मेंटेनन्स. तुमच्या त्या नऊ गुणांच्या परीक्षेला आमच्यासारखे बसतच नाहीत. तिथं दर दहा माणसांत जवळपास नऊ परदेशी. अकरा वर्षांत मला एकदाही कुणी 'परत जा' म्हणालं नाही. परत जायची तारीख व्हिसावरच छापलेली होती, म्हणायचं कशाला? नागरिकत्व नाही, मत नाही, पोरगं तिथं जन्मलं तरी तिथलं नाही. काम सुटलं की विमान. आधी तर मालक बदलायला पण मालकाचीच परवानगी लागायची. कतारनं ती अट २०२० मध्ये काढली. परका कधी आपला होणारच नाही हे पक्कं असलं की त्याचा राग येत नाही. राग येतो तो "हा आता इथलाच होणार" असं वाटलं की.

रोखठोक दादा, राग मानू नका, पण तुमच्याकडचा ऊस कोण तोडतं? बीडची टोळीच ना? पोरंबाळं घेऊन रानात कोप्या घालून राहते. त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघालेला ऐकला नाही मी कधी.

कागलचा_रोखठोक:

ते हंगाम संपला की गावाकडं जातात.

दुबई_रिटर्न:

तेच म्हणतोय की मी!

भडंगप्रेमी:

भडंग संपलं. दुसरं पाकीट फोडलं.

कागलचा_रोखठोक:

हसा. टोळीचं उदाहरण लागलं, नाकारत नाही. त्यांच्या पोरांची शाळा बुडते आणि आम्ही त्याला हंगाम म्हणतो. पण माझा मूळ मुद्दा त्यानं पडत नाही. लोकांचं मत दगडावरची रेघ नसतं, सरकार काय करतंय ते बघून हलतं. अमेरिकेत गॅलपनंच २०२४ मध्ये विचारलं तेव्हा ५५ टक्के म्हणाले स्थलांतर कमी करा. २०२५ मध्ये ३० टक्के. एका वर्षात अमेरिकन माणसाचं मन मोठं झालं नाही. सीमेवरची गर्दी ओसरली, वर धरपकडीचे व्हिडिओ दिसायला लागले, लोक म्हणाले आता बास. आपला ताबा आहे असं वाटलं की माणूस उदार होतो. ताबा सुटला असं वाटलं की दार लावतो. घरातही तसंच असतं.

मेलबर्नची_सूनबाई:

हे बरोबर आहे. फक्त दार लागतं तेव्हा बाहेर कोण उभं होतं, ते आतल्याला दिसत नाही. पिशवीतली साडी त्या मोर्चातल्या कुणालाच दिसली नाही.

जुनी_पंचगंगा:

१९७२ ला हुकूमशहा इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं तेव्हा इंग्लंडच्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आमच्याकडं येऊ नका, जागा नाही. तरी लोक आले, आणि आता लेस्टर आपली दिवाळी मिरवतं. रोखठोक, पंगतीत जागा नाही असं आधी सगळीकडंच वाटतं.

कागलचा_रोखठोक:

काका, जिथं निभावलं तिथली गोष्ट सांगायला माणसं उरतात. २००८ ला दक्षिण आफ्रिकेत शेजारच्या देशांतल्या मजुरांवर हल्ले झाले, साठाहून जास्त माणसं मेली. मारणारे आणि मरणारे, दोघंही पत्र्याच्या झोपडीतलेच. सामावून घ्यायला आधी घरात काहीतरी असावं लागतं.

राजारामपुरी_सातवी (धागाकर्ती):

उशीर झाला, माफी. दुसरी मीटिंग परवा झाली. सात बाजूनं, चार विरुद्ध, एक गैरहजर (त्यांचा मुलगा नेदरलँडला असतो, ते अशा मीटिंगला येत नाहीत). माशाच्या वासाचा मुद्दा पुन्हा निघाला. मी म्हणालो, ठराव करायचा तर सगळ्यांच्या वासाचा करू. मग तो विषय आपोआप मिटला. भाडेकरूचा फॉर्म मीच ठाण्यात देऊन आलो.

बहिणीनं या वेळीही हात 'नको'लाच वर केला. मी घरी आल्यावर विचारलं, भाच्याला तिकडं जागा मिळेना आणि तू? तर म्हणते, "तो वेगळा विषय आहे." भाच्याला अजून जागा मिळालेली नाही.

सामान आलं काल. दोन ट्रंका, एक शिलाई मशीन, सरस्वतीची तसबीर. पोरगी दिवसभर बंद लिफ्टचं बटण दाबत उभी होती. आमच्या बिल्डिंगमध्ये आठ महिन्यांत त्या बटणाला कुणी हात लावलेला नाही. संध्याकाळी माशाचं विचारणारे काका तिला म्हणाले, "अगं ती चालत नाही." तिला मराठी येत नाही, तिनं परत दाबलं.

दुबई_रिटर्न:

ताई, लिफ्टचा फोटो पाठवा. कंट्रोलरचा बोर्ड गेला असंल. बघून देतो, कोल्हापूरला येणारच आहे गुरुवारी.

शिरोलीचा_फाउंड्रीवाला:

होळीची तिकिटं निघाली आमच्या पोरांची. १८ दिवस लाईन बंद. रोखठोक साहेब, स्थानिक पोरं पगाराला बघून पळतात म्हणत होता ना? मोल्डिंगला हेल्पर पाहिजेत. ओव्हरटाइम धरून हातात १८ हजार. पाठवा.

कागलचा_रोखठोक:

ओव्हरटाइम सोडून किती ते सांगा. आणि पीएफ भरणार का? भरणार असाल तर चुलतभावाला सोमवारी पाठवतो.